आजीचा मिक्सर आणि आकाशाची कुजबुज

आमच्या घरी सकाळी सात वाजता एक भांडण ठरलेलं असतं. आजोबा ट्रान्झिस्टर कानाशी धरून बातम्या ऐकायला बसतात आणि नेमकी तेव्हाच आजी चटणी वाटायला घेते. स्वयंपाकघरात मिक्सर घुर्रर्र झाला, की इकडे ट्रान्झिस्टर खर्रर्र!

"अगं, दोन मिनिटं थांब की!"

"थांबते हां! आणि पोहे कोरडेच खा मग."

सुट्टीत आलेल्या माझ्या भाचीनं हे भांडण मिटवायचा विडाच उचलला. तिनं ट्रान्झिस्टर गॅलरीत नेला आणि दार घट्ट लावून घेतलं. मिक्सरचा आवाज दबला. ट्रान्झिस्टरची खरखर मात्र तशीच! ती धावत माझ्याकडे आली.

"मामा, दार लावल्यावर मला मिक्सर ऐकू येत नाही. मग रेडिओला कसा येतो?"

आता तुम्हीच सांगा, इतका झकास प्रश्न विचारणाऱ्या मुलीला गप्प बस म्हणायचं का?

तर गंमत अशी. मिक्सरच्या मोटरमध्ये कार्बनचे दोन छोटे तुकडे असतात. ते मोटरच्या फिरत्या भागाला घासत राहतात आणि त्यांच्यातून वीज आत जाते. घासताना बारीक बारीक ठिणग्या उडतात. प्रत्येक ठिणगीतून रेडिओ लहरी बाहेर पडतात. रेडिओ लहरी म्हणजे प्रकाशाचीच भावंडं, फक्त आपल्या डोळ्यांना न दिसणारी. लाकडी दार त्यांना अडवू शकत नाही. मिक्सरचा आवाज दाराशी थांबला, पण ठिणग्यांच्या लहरी दारातून आरपार गेल्या आणि थेट ट्रान्झिस्टरमध्ये शिरल्या.

"म्हणजे मिक्सर स्वतःच एक रेडिओ स्टेशन आहे?"

"हो. त्याच्याकडे गाणी नाहीत, एवढंच!"

आणि बरं का, आजी-आजोबांचं हे भांडण पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळच्या खोडद गावी फार मोठ्या प्रमाणावर चालतं. तिथले आजोबा म्हणजे एक रेडिओ दुर्बीण. त्यांना पृथ्वीवरच्या बातम्या नको असतात. त्यांना ऐकायची असते अब्जावधी वर्षांपूर्वीची कुजबुज.

खरखरीतून उगवलेलं आकाश

खोडदला जाण्याआधी जरा अमेरिकेत डोकावू. साल १९३२च्या आसपासचं. तेव्हा समुद्रापलीकडे टेलिफोनवर बोलायचं तर रेडिओ लहरी वापराव्या लागत, आणि त्या बोलण्यात सतत खरखर मिसळायची. बेल टेलिफोन कंपनीनं कार्ल जान्स्की नावाच्या तरुण इंजिनियरला कामाला लावलं : ही खरखर कुठून येते ते शोधून काढ.

जान्स्कीनं लाकूड आणि धातूच्या नळ्यांचा एक लांबलचक सांगाडा बांधला आणि त्याला मोटारगाडीची चाकं लावली. हा सांगाडा चक्रीपाळण्यासारखा सावकाश गोल फिरायचा. काही खरखर जवळच्या विजांची निघाली, काही दूरच्या वादळांची. पण एक बारीक सुस्कारा काही केल्या उलगडेना. तो रोज एका दिशेनं यायचा, आणि रोज चार मिनिटं लवकर यायचा.

चार मिनिटं लवकर! ही खूण ओळखीची आहे. रात्री एखादा तारा उगवण्याची वेळ लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी तो चार मिनिटं आधी उगवतो. म्हणजे सुस्कारा टाकणारी वस्तू पृथ्वीवरची नव्हतीच, ती ताऱ्यांबरोबर फिरत होती. १९३३ साली जान्स्कीनं जाहीर केलं, की हा आवाज आपल्या आकाशगंगेतून येतो आहे.

रेडिओ खगोलशास्त्राचा जन्म असा झाला, खरखर हाकलायला गेलेल्या माणसाच्या हातून. टेलिफोन कंपनीला जी कटकट वाटत होती, तेच तर आकाश होतं!

चंद्रावर मोबाइल विसरलात तर

आकाशातून रेडिओ लहरी पाठवतं तरी कोण? सूर्य पाठवतो, गुरू पाठवतो. फुटलेल्या ताऱ्यांचे अवशेष पाठवतात. स्वतःभोवती गरगर फिरणारे स्पंदक तारे दीपगृहासारखे ठराविक वेळानं लहरींचा झोत टाकतात. आणि विश्वात सगळ्यात जास्त असलेला हायड्रोजन वायू २१ सेंटिमीटर लांबीची एक खास लहर सोडतो.

पण हे सगळं किती क्षीण असतं, याचा अंदाज घ्यायचा आहे? समजा, चंद्रावर गेलेला एखादा वेंधळा प्रवासी आपला मोबाइल चालू ठेवून तिथेच विसरला. तो मोबाइल टॉवर शोधत बसला, तर पृथ्वीवरच्या रेडिओ दुर्बिणीला तो आकाशातल्या सर्वांत तेजस्वी वस्तूंपैकी एक दिसेल. आपल्या खिशात मावणारं यंत्र, पावणेचार लाखांहून जास्त किलोमीटरवर, आणि तरी बहुतेक दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखी ताऱ्यांची गावं, त्याच्यापुढे मिणमिणत्या! मग तोच मोबाइल दुर्बिणीच्या पायथ्याशी वाजला तर काय होईल? गोठ्यात बँडबाजा सुरू असताना मुंगीची पावलं ऐकायचा प्रयत्न करून बघा.

दोऱ्या, जाळी आणि बत्तीस जुन्या तबकड्या

आपल्या देशात हे कान लावायचं काम सुरू केलं डॉ. गोविंद स्वरूप यांनी. १९६३ साली ते परदेशातून परतले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. हाताशी काय होतं? ऑस्ट्रेलियानं भेट दिलेल्या ३२ जुन्या तबकड्या, प्रत्येकी जेमतेम १.८ मीटर रुंद. त्या कल्याणजवळ मांडून १९६५च्या सुमारास सूर्याची निरीक्षणं सुरू झाली.

मग उटीची दुर्बीण. हिची युक्ती ऐका. उटीचा अक्षांश सुमारे ११ अंश. स्वरूप यांनी तिथे अशी टेकडी शोधली, की तिचा उतारसुद्धा ११ अंशांचा. त्या उतारावर ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद दुर्बीण आडवी टाकली, तेव्हा तिचा आस पृथ्वीच्या आसाला आपोआप समांतर झाला. आता आकाशातली वस्तू उगवल्यापासून तासन् तास तिच्यावर नजर ठेवायची, तर दुर्बीण फक्त एकाच आसाभोवती वळवायची. अवघड यंत्रांचं निम्मं काम टेकडीनंच करून टाकलं! १९७० साली ही दुर्बीण तयार झाली.

आणि तिच्यानंतर आली आपल्या खोडदची जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. ती बांधली गेली १९९०च्या दशकात. इथे ३० तबकड्या आहेत आणि एकेकीचा व्यास ४५ मीटर. कबड्डीची बारा मैदानं एका तबकडीच्या क्षेत्रफळात बसतील. एवढी तबकडी पत्र्यानं मढवली तर खर्च किती, वजन किती, आणि वारा सुटला की तिचं शीड होणार ते वेगळंच! म्हणून स्वरूप यांनी पोलादी दोऱ्या ताणल्या आणि त्यांच्यावर बारीक तारांची जाळी पसरली. जाळीची तार अर्ध्या मिलिमीटरहून जरा जाड, आणि भोकं एक-दोन सेंटिमीटरची.

"मग लहरी भोकांतून पडून जाणार नाहीत?" भाचीनं विचारलंच.

नाही जाणार. खोडदला ऐकायच्या लहरी वीस सेंटिमीटरपासून मीटर-दोन मीटर लांबीच्या असतात. एवढ्या लांब लहरीला ही भोकं जाणवतच नाहीत. तिच्या दृष्टीनं जाळी म्हणजे गुळगुळीत आरसा. वारा मात्र खुशाल आरपार जातो.

तीसपैकी १४ तबकड्या मधोमध जवळजवळ आहेत आणि १६ तीन दिशांना फाकलेल्या तीन रांगांत. टोकाच्या दोन तबकड्यांमध्ये २५ किलोमीटरपर्यंत अंतर पडतं. सगळ्यांनी ऐकलेलं एकत्र जुळवलं, की बारकावे टिपण्यात त्या जणू २५ किलोमीटर रुंदीची एकच तबकडी होतात. एक गणित करा : तीस तबकड्यांपैकी प्रत्येकीनं दुसऱ्या प्रत्येकीशी एकेकदा हात मिळवला तर किती जोड्या? चारशे पस्तीस!

शांतता ही आपली श्रीमंती होती

मीटरभर लांबीच्याच लहरी का निवडल्या? एक कारण तुम्हाला कळलंच : जाळीची स्वस्त तबकडी चालते. दुसरं कारण जास्त गमतीचं आहे. त्या काळी युरोप-अमेरिकेत या लहरींच्या पट्ट्यात टीव्ही आणि बिनतारी यंत्रांची नुसती जत्रा भरलेली होती. भारतात तुलनेनं सामसूम होती. दुसऱ्यांकडे पैसा होता, आपल्याकडे शांतता होती. आपण शांतताच भांडवल म्हणून वापरली.

खोडदची जागाही त्यासाठीच निवडली. आजूबाजूचे सह्याद्रीचे डोंगर शहरांच्या गोंगाटाला आडोसा करतात आणि पुणं मात्र फार लांब पडत नाही.

पण सामसूम कायम कशी राहील? आपणही मोठे झालो. खांबाखांबांवर वीज आली, घराघरांत टीव्ही आला, मग प्रत्येक खिशात मोबाइल आला. जे सगळ्यांना हवं होतं तेच दुर्बिणीला नको होतं.

एक सेकंद, शंभर चिमटे

खोडदच्या शास्त्रज्ञांना कोणकोण सतावतं, त्यांची हजेरी घेऊ.

पहिला नंबर विजेच्या तारांचा. खांबावर चिनी मातीची टोपी असते ना, जिला वायरमन 'चिमणी' म्हणतात? तिला तडा गेला किंवा तारेचा जोड ढिला झाला, की फटीतून ठिणग्या उडू लागतात. अगदी आजीच्या मिक्सरसारख्या. आपल्या घरची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. प्रत्येक हेलकाव्यात ती दोनदा जोरात येते, एकदा इकडून आणि एकदा तिकडून. म्हणून ठिणगी सेकंदाला १०० वेळा चिमटा काढते. हीच तिची सही! खरखरीत दर दहा मिलिसेकंदांनी टोक दिसलं, की शास्त्रज्ञ ओळखतात : हा तारा नाही, ही तार आहे. मग दिशा दाखवणारा अँटेना गाडीवर चढवायचा, वास काढत काढत नेमका खांब गाठायचा आणि वीज कंपनीला सांगून जोड घट्ट करून घ्यायचा. यात गावाचाही फायदाच, कारण ठिणग्या टाकणारा जोड आज ना उद्या जळणारच असतो.

दुसरे, टीव्हीचे बिघडलेले बूस्टर. त्यांनी सिग्नल मोठा करायचा असतो, पण बिघडले की ते स्वतःच किंचाळू लागतात. तिसरे, मोबाइलचे टॉवर. आणि चौथे डोंगरालाही न जुमानणारे, कारण ते वर असतात : उपग्रह. आपल्या देशाचे वाट दाखवणारे 'नाविक' उपग्रह ११७६ मेगाहर्ट्झच्या (लहर किती भराभर हेलकावते, त्याचं हे माप) आसपास बोलतात, आणि तो आकडा खोडदच्या ऐकण्याच्या पट्ट्यातच बसतो. आता स्वतःच्याच उपग्रहाला गप्प बस कसं म्हणणार?

उपायही चार तऱ्हांचे. ज्या पट्ट्यात टीव्ही-मोबाइल ओरडतात तो पट्टा गाळणीनं गाळून टाकायचा. दुर्बिणीचे स्वतःचे संगणकही खरखर करतात, म्हणून त्यांना धातूनं मढवलेल्या खोलीत कोंडायचं. चिमटे येतील तसे संगणकानं तत्क्षणी निवडून काढायचे, तांदळातले खडे वेचावेत तसे. आणि चौथा उपाय दुर्बिणीच्या रचनेतच दडलेला आहे. एका तबकडीशेजारी ठिणगी उडाली, तर वीस किलोमीटरवरच्या तबकडीला तिचा पत्ताच नसतो. दूरचा तारा मात्र दोघींना ऐकू येतो. दोघींनी टिपलेलं जुळवून पाहिलं, की दोघींत सारखं आहे तेवढं उरतं आणि गल्लीतलं भांडण गल्लीतच राहतं.

जेवणाच्या सुट्टीतला चोर

तरीसुद्धा कधी कधी चोर सगळ्यांना चकवतो. ऑस्ट्रेलियात पार्क्स नावाची प्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे. तिथे १९९८ पासून अधूनमधून विचित्र स्फोटासारखे इशारे सापडायचे. ते अंतराळातून आल्यासारखे दिसत, पण दिवसाउजेडी येत, आणि त्यातही जेवणाच्या वेळेला जास्त.

काही वर्षं हे कोडं सुटलं नाही. अखेर २०१५ साली एमिली पेट्रॉफ ही तरुण संशोधक आणि तिच्या सोबत्यांनी चोर पकडला. तो होता वेधशाळेतला मायक्रोवेव्ह ओव्हन! कुणीतरी जेवण गरम करायला ठेवायचं आणि 'टिंग' होईपर्यंत धीर न धरता दार उघडायचं. ओव्हन बंद होता होता लहरींची एक झुळूक उघड्या दारातून निसटायची आणि दुर्बिणीला वाटायचं, विश्वात काहीतरी भयंकर घडलं.

हे ऐकल्यावर भाची आजीला म्हणाली, "आजी, तुझ्या मिक्सरला ऑस्ट्रेलियात भाऊ आहे!"

राखीव डबा आणि पळणारा हायड्रोजन

"मग सगळ्या देशांनी मिळून आकाशासाठी एक पट्टा राखून का नाही ठेवत? रेल्वेत राखीव डबा असतो तसा."

ठेवला आहे ना! १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात जगात कुणीही प्रक्षेपण करायचं नाही, असा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. कारण हायड्रोजनची ती २१ सेंटिमीटरची लहर तिथेच, १४२० मेगाहर्ट्झला येते.

पण हायड्रोजन डब्यात बसून राहत नाही. विश्व पसरतं आहे. दूरच्या दीर्घिकेतून निघालेली लहर आपल्यापर्यंत येता येता रबरासारखी ताणली जाते. दीर्घिका जितकी दूर, तितकी लहर लांब आणि मेगाहर्ट्झचा आकडा लहान. २०२३च्या जानेवारीत मॅकगिल विद्यापीठ आणि बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था इथल्या संशोधकांनी जाहीर केलं, की खोडदच्या दुर्बिणीनं ८.८ अब्ज वर्षांपूर्वी निघालेली हायड्रोजनची लहर टिपली आहे. वाटेत एका दुसऱ्या दीर्घिकेनं भिंगासारखं काम करून ती मोठी केली, म्हणून जमलं. ती २१ सेंटिमीटरची होऊन निघाली होती, पोचली तेव्हा ४८ सेंटिमीटरची झाली होती. म्हणजे साधारण ६२० मेगाहर्ट्झ. राखीव डब्यापासून कितीतरी लांब, टीव्ही आणि मोबाइलवाल्यांच्या मोहल्ल्यात!

म्हणून नुसता राखीव डबा पुरत नाही. आकाशातला पाहुणा कुठल्याही डब्यातून उतरू शकतो. दुर्बिणीच्या आसपास तरी अख्खी गाडीच शांत लागते.

रेल्वे हवी, दुर्बीणही हवी

आणि खऱ्या गाडीचाही प्रश्न आलाच. पुणे ते नाशिक वेगवान रेल्वेचा मार्ग आधी याच भागातून आखला होता. विजेवरची रेल्वे तारेला घासत धावते. घासणं म्हणजे काय, ते तुम्हाला आता मिक्सरनं शिकवलंच आहे. दुर्बिणीला त्रास होईल म्हणून तो मार्ग बदलायचं ठरलं. पण नारायणगाव-जुन्नरकडचा टोमॅटो, द्राक्षं, भाजीपाला पिकवणारा शेतकरी म्हणतो, आम्हालाही रेल्वे हवी. त्याचं चूक आहे का? मुळीच नाही. आजीचं तरी कुठे चूक होतं? चटणी लागतेच की!

अशा वेळी दोन्हीकडच्यांनी एकत्र बसून मार्ग काढायचा असतो. आणि त्यासाठी दुर्बीण काय ऐकते, ते आधी शेजाऱ्यांना कळायला हवं. २८ फेब्रुवारीला, म्हणजे विज्ञान दिनाला, खोडदची दारं सगळ्यांसाठी उघडतात. गावोगावची शाळकरी मुलं आपापले प्रयोग घेऊन येतात आणि अजस्र तबकड्यांखाली मांडतात. तुम्हीही जा. मात्र मोबाइल बंद ठेवायला सांगितला तर तोंड वाकडं करू नका. याच कानांनी २०१६ साली साडेसतरा कोटी किलोमीटरवर मंगळावर उतरू पाहणाऱ्या युरोपच्या छोट्या यानाची हाक ऐकली होती.

करून पाहा

घरात जुना ट्रान्झिस्टर असेल तर तो एएम किंवा मीडियम वेव्हवर लावा आणि दोन स्टेशनांच्या मधल्या मोकळ्या जागेवर ठेवा. आता तो घरभर फिरवा. एलईडी दिव्याजवळ न्या, मोबाइलच्या चार्जरजवळ न्या, टीव्हीजवळ न्या. कोण किती ओरडतं, त्याची यादी करा. मग ट्रान्झिस्टर आडवा धरून सावकाश गोल फिरवा. एका दिशेला खरखर कमी होते, एका दिशेला वाढते. खरखरीचा चोर शोधणारे लोक खोडदला हेच करतात, फक्त जरा मोठ्या यंत्रानं. शेवटी ट्रान्झिस्टर स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण लावा आणि काय होतं ते स्वतःच ऐका.

आमच्या भाचीनं अशी यादी केली. तिच्या यादीत मिक्सर पहिला आला आणि आजोबांनी विजयी मुद्रेनं आजीकडे पाहिलं. पण दुसरा नंबर निघाला आजोबांच्या लाडक्या मोबाइल चार्जरचा. ते बातम्या ऐकताना तो ट्रान्झिस्टरशेजारीच लावून ठेवायचे!

आता घरात तह झाला आहे. चार्जर बातम्या होईपर्यंत बंद, आणि मिक्सर सात वाजून दहा मिनिटांनी सुरू. तहाचा कागद भाचीनं फ्रिजवर चिकटवला आहे. त्यावर आजीनं सही केली आहे, आजोबांनीही केली आहे. खाली भाचीनं तिसरी सही केली आहे आणि नावापुढे हुद्दा लिहिला आहे : 'खरखर निवारण अधिकारी'.